चढणीचा मासा

पाणी मांडीच्या वर आलं की तिथेच थांबायचं आणि एक पाऊल मागे घ्यायचं, हे आजोबांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या होह नदीचं पाणी हिवाळ्यात चार-पाच अंश सेल्सिअसवर असतं. तळाला नारळाएवढे गुळगुळीत गोटे, त्यांच्यावर शेवाळ. पाय उचलून टाकायचा नाही, सरकवायचा, आणि गोटा हलत नाही याची खात्री झाली की मगच भार द्यायचा. अंगात वेडर्स, म्हणजे छातीपर्यंत येणारी, पाणी आत न शिरू देणारी विजार, पडलोच तर आत पाणी भरू नये म्हणून कमरेला घट्ट पट्टा, हातात काठी. मासा धरायला शिकण्याआधी एक अख्खा दिवस मी नुसतं नदीत उभं राहायला शिकले.

आजोबा म्हणजे आमचे शेजारी. सिअ‍ॅटलच्या उत्तरेकडच्या उपनगरात आमच्या समोरच्याच घरात राहतात. सत्तरी केव्हाच ओलांडली आहे. बोलताना मी त्यांना इथल्या रिवाजाप्रमाणे नावानेच हाक मारते, पण मनातल्या मनात ते आजोबाच असतात. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी घराजवळच्या तळ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहून ते तेरा फुटी रॉड दोन्ही हातांनी फिरवत होते. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा गोंडा होता. दोरी त्यांच्या पाठीमागे कमानीसारखी फुगायची आणि मग एकदम सुटून साठ-सत्तर फुटांवर अलगद पाण्यावर टेकायची. मी पाऊण तास बघत उभी होते.

मी कुडाळ तालुक्यातली, कर्ली नदीच्या काठची. बाबा गरवायला जायचे तेव्हा मी बरोबर असायचे. हातात दोरी, टोकाला गळ, गळाला सुंगट. मासेमारी मला नवी नव्हती. पण आजोबांच्या गळाला आमिषच नसतं. धागा आणि पिसं बांधलेला गळ, त्याला ‘फ्लाय’ म्हणतात, आणि त्या फ्लायवर त्यांना धरायचा असतो समुद्रातून नदीत चढून आलेला स्टीलहेड.

स्टीलहेड हा मुळात रेनबो ट्राउटच. जात एकच, ऑन्कोरिंकस मायकिस. काही पिल्लं जन्मभर नदीत राहतात, ती रेनबो. काही साधारण दोन वर्षांची झाली की समुद्राची वाट धरतात, पॅसिफिकमध्ये दोन-तीन वर्षं पोसतात आणि जन्मल्या नदीत परत येतात, ते स्टीलहेड. पॅसिफिकमधले बहुतेक सामन अंडी घालून मरतात. स्टीलहेड तगला तर परत समुद्रात जातो आणि पुन्हा एकदा चढून येतो. आजोबा हे सांगत असताना माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं, ‘म्हणजे चढणीचे मासे!’

आमच्याकडे मृगाचा पाऊस लागून व्हाळ वाहायला लागले की नदीतले मासे पोटात गाबोळी घेऊन उलट्या पाण्याने मळ्यांत चढतात. रात्री बत्त्या घेऊन सगळा गाव पाण्यात उतरायचा. त्या गाबोळीची चव मी अजून विसरलेले नाही. हल्ली बाबा फोनवर सांगतात, चढण पूर्वीसारखी होत नाही. अंड्यावर आलेला मासाच उचलला तर पुढच्या वर्षी चढणार कोण, हा हिशेब तेव्हा कुणी मांडला नाही. आमच्या घरातही नाही.

इथे तो हिशेब कायद्याने मांडला आहे. हॅचरीत, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रात, वाढवलेल्या पिल्लाचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर सोडण्याआधी कापून टाकतात. तो पर शाबूत असेल तर मासा नदीतच जन्मलेला, म्हणजे वाइल्ड. होह ज्यातून वाहते त्या ऑलिंपिक द्वीपकल्पातल्या नद्यांवर २०१६पासून वाइल्ड स्टीलहेड ठेवून घेता येत नाही. त्याला पाण्याच्या पूर्ण बाहेर काढणंही बेकायदा आहे, फोटोपुरतंसुद्धा चालत नाही. गळ एकच, आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला. होहमध्ये दर वर्षी निदान २,४०० वाइल्ड स्टीलहेड अंडी घालायला वर पोचावेत असं उद्दिष्ट आहे, आणि कित्येक वर्षी तेवढेही पोचलेले नाहीत. नव्वद किलोमीटरची नदी, एका हिमशिखरापासून समुद्रापर्यंत जवळजवळ मोकळी वाहणारी, आणि कित्येक वर्षी अंडी घालायला अडीच हजारसुद्धा मासे वर पोचत नाहीत. हा आकडा पहिल्यांदा ऐकला त्या रात्री आजोबांना विचारलं, मग आपण जावं तरी का? ते म्हणाले, ‘जे लोक या माशासाठी थंडीत उभे राहतात, तेच त्याच्यासाठी सभांनाही जातात.’ मला ते तेव्हा पूर्ण पटलं नव्हतं. आजही अर्धंच पटतं. म्हणून मी माझ्यापुरता नियम केला आहे: दिवसात एक मासा हाताला लागला की रॉड आवरायचा.

शिकण्यात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो दोरी फेकण्याने. होहच्या काठावर सिटका स्प्रूस आणि आल्डरच्या झाडांची भिंतच उभी असते, मागे दोरी उडवायला जागा नाही. म्हणून स्कॉटलंडच्या स्पे नदीवर निघालेली दोन हातांची पद्धत वापरतात. दोरी मागे पूर्ण उडवायचीच नाही. तिचं टोक पाण्याला चिकटून राहू द्यायचं, त्या चिकटण्याचा ताण घ्यायचा आणि पाठीमागे इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी कमान भरली की पुढे सोडायची. या पद्धतीच्या जड, आखूड दोरीचं, म्हणजे लाइनचं, नावही इथल्याच एका नदीवरून पडलं आहे, स्कॅजिट. माझ्या सात नंबरच्या रॉडला पाचशे ग्रेनच्या वरची लाइन लागते; ग्रेन हे लाइनच्या वजनाचं माप. एका दुकानात मला चारशेची गळ्यात मारली, आणि माझा पहिला महिना दोष हातात आहे असं समजून रडण्यात गेला. आजोबांनी लाइन हातात घेतली, दोनदा फेकली आणि काही न बोलता आपली काढून मला दिली.

उजव्या काठावर उभं राहिलं की पाणी डावीकडून उजवीकडे जातं. तिथे ‘डबल स्पे’ करायचा. रॉड सावकाश उचलायचा. टोक वरच्या अंगाला नेऊन दोरी आपल्यासमोर मांडायची, पण फ्लाय खालच्या अंगालाच राहिली पाहिजे. मग रॉड परत खाली ओढायचा, तेव्हा पाण्यावरून फर्रकन पांढरी रेघ उठते. तिथून वळसा घेऊन वर, आणि थांबायचं. हे थांबणं मला जमत नव्हतं. कमान भरायच्या आतच मी हात पुढे मारायचे आणि दोरी समोर गोळा होऊन पडायची. मला वाटायचं ताकद कमी पडते आहे, म्हणून वरच्या हाताने आणखी जोर लावायचे. आजोबा सांगायचे, वरचा हात विसर, खालचा पोटाकडे ओढ. ते कानाला कळत होतं, हाताला नाही. मग एक दिवस मला बाबा आठवले, खाडीत पाग टाकताना. पाग हाताने फेकत नाहीत. कमरेने फिरवतात आणि जाळं स्वतःहून फुललं की सोडून देतात. मी वरच्या हाताची मूठ सैल केली, कमरेतून वळले, थांबले, खालचा हात पोटात ओढला. दोरी गेली. रिळातली उरलेली मोकळी दोरीही खेचून घेऊन गेली आणि शेवटी रॉडला एक बारीकसा झटका लागला. तो झटका अजून माझ्या तळव्यात आहे.

फ्लाय बांधायला मात्र मी लवकर शिकले, आईने शिकवलेलं विणकाम कामी आलं. टर्कीची मऊ पिसं, त्यांना मॅराबू म्हणतात, आणि शहामृगाच्या पिसाचे चारसहा तंतू. कोरडी असताना झुबकेदार दिसतात, पाण्यात गेली की अंगाला चिकटून जिवंत प्राण्यासारखी हलतात. गढूळ पाण्यात मी काळा-निळा बांधते, स्वच्छ पाण्यात गुलाबी-नारिंगी. हिवाळ्यात चढणारा स्टीलहेड नदीत जवळपास काही खात नाही, तरी तो या पिसांवर झेपावतो. कुणी म्हणतं रागाने, कुणी म्हणतं समुद्रातल्या सवयीने.

नदीवर जायचा दिवस कॅलेंडर ठरवत नाही, पाऊस ठरवतो. होहजवळच्या फोर्क्स गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्या सिंधुदुर्गाइतकाच. फक्त तिकडे तो चार महिन्यांत कोसळतो, इथे शरद ऋतूपासून वसंतापर्यंत रिपरिपत राहतो. नदीच्या पुलाजवळच्या मापकाचा आलेख फोनवर दिसतो, आणि एकक आपल्या ओळखीचं, क्युसेक. बातम्यांत कोयनेचा विसर्ग ऐकत वाढलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. अडीच-तीन हजार क्युसेक आणि आलेख उतरता, हे चांगलं. मोठा पाऊस झाला की एका रात्रीत दहा हजारांच्या पलीकडे जातं आणि झाडंच्या झाडं वाहत येतात. होह माउंट ऑलिंपसच्या हिमनद्यांतून येते, तिच्यात दगडाची बारीक पूड असते, त्यामुळे ती निवळायला वेळ घेते. शेजारची सोल डक आधी निवळते. पण मला होहच आवडते. उतरत्या पाण्यात तिला एक दुधाळ हिरवा रंग येतो. गुडघाभर पाण्यात आपल्या बुटाचं टोक जेमतेम दिसू लागलं की फ्लाय बांधायला घ्यायची.

वाटेत पोर्ट अँजेलिसच्या पुढे एल्वा नदीचा पूल लागतो. आजोबा तिथे प्रत्येक वेळी गाडी हळू करतात. या नदीवर दोन धरणं होती, १९१३ आणि १९२७ची, आणि माशांना वर जायला वाट ठेवलेली नव्हती. २०११ ते २०१४मध्ये दोन्ही पाडली. शंभर वर्षं धरणाच्या वरच्या अंगाला अडकून रेनबो म्हणून जगलेल्या माशांच्या वंशातून पुन्हा समुद्राला जाणारे आणि उन्हाळ्यात चढून येणारे स्टीलहेड निघाले. इतक्या पिढ्या समुद्र न बघता त्यांनी ती वाट अंगात जपली होती. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिले, बोलता येईना.

पहिला हिवाळा मी आठ वेळा गेले. मासा दिसलासुद्धा नाही. ठरलेलं काम एकच: पंचेचाळीस अंशांत खालच्या अंगाला दोरी फेकायची, ती एकदा प्रवाहाच्या वरच्या अंगाला उलथून फ्लायला बुडायला वेळ द्यायचा, मग दोरी ताणली जाऊन फ्लाय धारेतून काठाकडे आडवी पोहत येते ती शेवटपर्यंत येऊ द्यायची. त्याला स्विंग म्हणतात. मग दोन पावलं खाली सरकायचं आणि पुन्हा तेच. पाणी कसं जोखायचं तेही तिथेच शिकले. खळाळ संपून जिथे पाणी आपल्या चालण्याच्या वेगाने वाहू लागतं, खोली मांडीपासून खांद्यापर्यंत, तळाला मोठे दगड, तिथे दमलेला मासा विसावतो. डोहाच्या शेपटाला, पाणी पुन्हा उथळ होण्याआधी, तो हमखास थांबतो. आमच्याकडेही चढणीचा मासा असाच दम खायला थांबतो. बाबा तिथेच बसायचे.

फेब्रुवारीच्या शेवटी बातमी आली की १ मार्च २०२२पासून किनाऱ्यावरच्या नद्या बंद, मासे कमी आलेत. आम्ही आवराआवर करून घरी आलो. फोर्क्समध्ये लोक चिडलेले होते. कुणी सील प्राण्यांना नावं ठेवत होतं, कुणी होह या इथल्या मूळनिवासी जमातीच्या लोकांच्या जाळ्यांना. होह लोकांची वसाहत नदीच्या मुखाशीच आहे आणि १९७४मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी दिलेल्या निकालाने अमेरिकी सरकारशी करार केलेल्या जमातींचा पकडता येण्याजोग्या माशांपैकी अर्ध्यांवरचा हक्क मान्य झालेला आहे. मला ती चिडचिड पटली नाही. डोंगर उतारावरची जंगलं कुणी तोडली, ओढ्यांवर मासा चढूच शकणार नाही अशा मोऱ्या कुणी घातल्या, समुद्र कशाने तापला, हे सगळं बाजूला ठेवून नदीशी सगळ्यात जुनं नातं असलेल्या माणसांकडे बोट दाखवणं सोपं असतं.

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका सकाळी, स्विंगच्या अगदी शेवटी दोरी जड झाली. मग दोन ठोके, दार ठोठावल्यासारखे. मी रॉड उचलला. आयुष्यभर गरी ओढलेल्या हाताने दुसरं काय करावं? समोर पाण्यात रुपेरी काहीतरी एकदा वळलं आणि दोरी सैल पडली. आजोबा दोनशे फूट खाली होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते चालत आले आणि म्हणाले, ‘तू त्याच्या तोंडातून काढून घेतलीस.’ मासा फ्लाय घेऊन आधी वळतो आणि मग जातो. तो वळेपर्यंत हात हलवायचा नाही, रिळातून दोरी जाऊ द्यायची. त्या वर्षी पुन्हा ठोका आला नाही. बोगाचील नदीवर हॅचरीचा, पर कापलेला एक मासा मात्र मिळाला. तो घरी आणला आणि आगळ-तिरफळ घालून तिखलं केलं. चांगलं झालं होतं. आजोबा दोनदा घेऊन जेवले.

तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारी संपता संपता, ऑइल सिटी रोडच्या अंगाला समुद्रापासून जवळच्या एका वाळवंटावर आम्ही उजाडायच्या आत पोचलो. नदी तीन दिवस उतरत होती, आलेख अठ्ठावीसशेवर. ओल्या वाळूत एल्क हरणांच्या खुरांचे ताजे ठसे होते. आजोबांनी मला वरची, चांगली जागा दिली. साडेआठच्या सुमारास, डोहाच्या शेपटाला, पाण्यात बुडालेल्या एका दगडाच्या वरच्या अंगाला फ्लाय आली आणि थांबली. ठोका नाही. नुसती थांबली, गोट्यात अडकल्यासारखी. मी हात हलवला नाही. मनात म्हटलं, जा. एक क्षण गेला आणि रीळ ओरडलं.

ती खाली पळाली, समुद्राकडे. रिळावरची जाड लाइन संपून मागची बारीक दोरी दिसायला लागली. मग ती हवेत उठली, अख्खी, आणि पडली तो आवाज पलीकडच्या काठावरून परत आला. पाय लटपटत होते, तरी आजोबांनी शिकवल्याप्रमाणे मी काठाकडे सरकत, सरकत, उथळ पाण्यात आले आणि रॉड आडवा धरून तिला बाजूने वळवायला लागले. माशाला फार दमवायचं नाही, नाहीतर सोडून उपयोग नाही, हे डोक्यात पक्कं होतं. सात-आठ मिनिटं लागली असतील. आजोबा रबरी जाळी घेऊन पाण्यात उभे होते, पण त्यांनी ती वापरली नाही. म्हणाले, ‘तूच धर.’

हात आधी पाण्यात बुडवून गार केले. मग शेपटीच्या अलीकडे, जिथे अंग मनगटाएवढं बारीक होतं, तिथे मूठ आवळली. दुसरा हात पोटाखाली. अडीच फुटांच्या वर, निदान साडेचार किलोची मादी. पाठ ओल्या लोखंडासारखी निळसर करडी, तिच्यावर मोहरीएवढे काळे ठिपके, आणि कुशी इतकी पांढरी की आभाळ तिच्यात दिसत होतं. शेपटीजवळ दोन समुद्री उवा चिकटलेल्या. गोड्या पाण्यात त्या काही दिवसांतच गळून पडतात, म्हणजे ती नुकतीच समुद्रातून आत आली होती. पाठीवरचा छोटा पर शाबूत. मी बोटाने त्याला हात लावून पाहिला, कानाच्या पाळीसारखा मऊ. पोट माझ्या तळव्यावर भरलेलं लागत होतं. गाबोळी. माझ्या हाताला ते वजन ओळखीचं होतं.

फ्लाय जबड्याच्या कोपऱ्यात होती, काटा नसल्याने नुसत्या वळवण्याने सुटली. मी तिला प्रवाहाकडे तोंड करून धरलं. कल्ले उघडत मिटत होते, आधी घाईने, मग सावकाश. हात बधिर झाले तरी सोडवेना, आणि सोडायला उशीर झालेलाही चालणार नव्हता. मग माझ्या मुठीत शेपटी एकदाच जोरात हलली. हात रिकामा झाला. माझ्या बोटांवर दोन खवले राहिले होते, ते मी पाण्यात धुऊन टाकले. रॉड मी तिथेच आवरला. आजोबांनी थर्मासमधला चहा ओतून दिला आणि मग ते स्वतःच्या जागेवर गेले. दुपारपर्यंत मी वाळूवर बसून त्यांचा स्विंग बघत राहिले.

फोर्क्सला रेंज आली तेव्हा कोकणात रात्र सरत होती. बाबा चार वाजताच उठतात, म्हणून फोन लावला.

‘काय गो, गावलो?’

‘गावलो. अंड्यावरचा होतो. सोडलंय.’

बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही, फक्त अंगणातला कोंबडा ऐकू येत होता. मग त्यांनी विचारलं, ‘सोडल्यार वयर गेलो काय सकल?’

‘वयर, बाबा.’